शृंगिका : डोक्यावर चढलेला पाय

कीटकाच्या डोक्यावर, दोन संयुक्त नेत्रांच्या मध्ये किंवा किंचित पुढे, सांधे असलेली जी एक जोडी सतत हलत असते तिला शृंगिका म्हणतात. बोलीभाषेत या झुरळाच्या किंवा रातकिड्याच्या मिशा. शास्त्रीय नावाचा अर्थ लहानसे शिंग. दोन्ही नावे दिसण्यावरून पडलेली आणि दोन्ही थोडी फसवी आहेत. शृंगिका शिंगासारखी निर्जीव नसते आणि मिशीसारखा नुसता केसांचा झुपकाही नसते. ती आतून पोकळ असते. तिच्यात मज्जातंतू व श्वासनलिका असतात आणि रक्त खेळते. रचनेने तिचे सगळ्यात जवळचे नाते पायाशी आहे. हे नाते वरवरचे नाही, हे तिच्या वाढीकडे पाहिल्यावर कळते.

इंग्रजीतल्या अँटेना या शब्दाची गोष्टही अशीच आडवळणाची आहे. लॅटिनमध्ये हा शब्द डोलकाठीला आडव्या बांधलेल्या शिडाच्या दांड्यासाठी होता. पंधराव्या शतकात ॲरिस्टॉटलचे प्राणिविषयक लेखन लॅटिनमध्ये आणताना तो कीटकांच्या या अवयवाला दिला गेला. रेडिओच्या तारेला तो मिळाला त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी. म्हणजे छपरावरच्या अँटेनापेक्षा झुरळाची अँटेना वयाने बरीच थोरली.

संधिपाद प्राण्यांच्या सगळ्या घराण्यांत शृंगिका सारख्या नाहीत. खेकडा आणि कोळंबी यांना त्यांच्या दोन जोड्या असतात. कोळी आणि विंचू यांना एकही नसते. गोम, वाणी आणि कीटक यांना एकच जोडी असते. कीटकाचे डोके अनेक खंड एकजीव होऊन बनलेले आहे. त्यांतल्या दुसऱ्या खंडावर शृंगिका येतात. तिसऱ्या खंडावर, जिथे कोळंबीची दुसरी जोडी असते, तिथे कीटकात काहीच उगवत नाही. ती जागा रिकामी राहते.

शृंगिका कितीही लांब असली तरी तिचे मुख्य भाग तीनच. बुडाचा मूलखंड, त्याच्यापुढचा आखूड वृंतखंड आणि उरलेली सगळी कशाभिका. कृषी महाविद्यालयांत यांना अनुक्रमे स्केप, पेडिसेल आणि फ्लॅजेलम अशा मूळ नावांनीच ओळखतात. मूलखंड डोक्यावरच्या खोबणीत मऊ पडद्याने बसवलेला असतो आणि खोबणीच्या काठावरच्या एका बारीक टेकूवर तोललेला असतो. आधार एकाच बिंदूवर असल्याने शृंगिका वर-खाली आणि आजूबाजूला जवळपास सगळीकडे फिरते. मूलखंड हलवणारे स्नायू डोक्याच्या आतल्या सांगाड्यापासून निघतात. वृंतखंड हलवणारे स्नायू मूलखंडातच असतात. आणि इथे स्नायू संपतात. झुरळाच्या शृंगिकेला दीडशेच्या आसपास कडी असतात, पण कशाभिकेतल्या एकाही कड्याला स्वतःचा स्नायू नसतो. चाबकाची मूठ हलवली की दोरी मागोमाग जाते, तशी ती फिरते. म्हणूनच ही कडी पायाच्या खंडांसारखी खरे खंड मानली जात नाहीत. कीटकांच्या दूरच्या भाऊबंदांत, मातीत राहणाऱ्या स्प्रिंगटेल आणि डायप्लुरा या प्राण्यांत, मात्र टोकाचा सोडून प्रत्येक खंडात स्नायू असतात. मूळची ठेवण तीच असावी.

निसर्गाने रूपांचे जे काही प्रयोग केले ते जवळजवळ सगळे कशाभिकेवर. कृषी पदवीच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी हे प्रकार चित्रांसह पाठ करतात, ते ओळख पटवण्यासाठी. नाकतोड्याची शृंगिका साध्या दोऱ्यासारखी, वाळवीची मण्यांच्या माळेसारखी. मुंगी, मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्यात मूलखंड लांब असून पुढचा भाग कोपरासारखा वळलेला असतो. कोकणातल्या नारळाचा शत्रू असलेल्या सोंड्या भुंग्यात ही कोपरासारखी शृंगिका थेट सोंडेवरच बसवलेली असते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे हातात धरून पाहिले, तर शृंगिकेच्या टोकाला पातळ पत्र्यांची चवड दिसते. वास घ्यायचा असला की ती पंख्यासारखी उघडते, एरवी मिटलेली. घरमाशीच्या शृंगिकेत तीन आखूड भाग असतात. तिसरा फुगीर असतो आणि त्याच्या कडेला एकच पिसासारखा केस. फुलपाखरू आणि पतंग यांत फरक करायचा तर शृंगिकेचे टोक पाहावे: फुलपाखराच्या टोकाला बोंड असते, पतंगाची निमुळती किंवा कंगव्यासारखी दातेरी. याला थोडे अपवाद आहेत, पण नियम कामाचा आहे. चतुराच्या डोक्यावर मात्र शोधूनच पाहावे लागते. त्याचे जवळजवळ सगळे डोके डोळ्यांनी व्यापलेले असते आणि शृंगिका दोन बारीक राठ केसांएवढ्या उरतात. जो डोळ्यांवर शिकार करतो त्याला लांब मिशा कशाला हव्यात!

एकाच जातीच्या नर-मादीतही फरक असतो. मधमाशीच्या कामकरी माशीच्या कशाभिकेत 10 कडी, नरात 11. डासाच्या नराची शृंगिका पिसासारखी झुबकेदार, मादीची विरळ केसांची. फरकाचे कारण बहुतेक वेळा एकच: नराला मादी शोधायची असते आणि तो शोध शृंगिकेनेच घ्यायचा असतो.

भिंगाखाली शृंगिका केसाळ दिसते. हे केस म्हणजेच तिचे खरे भांडवल. काही केसांच्या बुडाशी हालचाल टिपणारी पेशी असते. असा केस जरा वाकला की स्पर्श किंवा वारा कळतो. काहींच्या टोकाला एकच छिद्र असते. ते चव घेतात. गंध घेणाऱ्या केसांच्या भिंतीला मात्र चाळणीसारखी असंख्य छिद्रे असतात आणि एकेक छिद्र मिलिमीटरच्या सुमारे लाखाव्या भागाएवढे असते. छिद्रच नसलेल्या काही खुंट्या उष्णता आणि आर्द्रता मोजतात. गंधाचा रेणू छिद्रातून आत शिरतो, तेव्हा त्याला आतला पाणीदार द्रव ओलांडायचा असतो. बहुतेक गंधद्रव्ये तेलकट असतात, पाण्यात विरघळत नाहीत. द्रवातली खास प्रथिने त्याला उचलून चेतापेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचवतात. तिथे त्या गंधाचे ग्राही प्रथिन असते आणि रेणू जुळला की विद्युत स्पंदन मेंदूकडे निघते.

ही यंत्रणा किती तरबेज असू शकते ते रेशीमपतंगाने दाखवले. माणसाने हजारो वर्षे पाळलेल्या या पतंगाला धड उडता येत नाही. पण मादीचा गंध आला की नर पंख फडफडवत तिच्याकडे चालत सुटतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ ब्युटेनांट यांनी हा गंध वेगळा करण्यासाठी वीसएक वर्षे खर्ची घातली आणि सुमारे पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी वापरल्या. 1959 मध्ये त्यांनी त्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याला बॉम्बिकॉल म्हणतात आणि कीटकांचा ओळख पटलेला तो पहिला कामगंध. याच सुमारास जीवशास्त्रज्ञ डीट्रिख श्नायडर यांनी पतंगाच्या शृंगिकेला बारीक विद्युताग्रे जोडून गंधाने तिच्यात उठणारे विजेचे तरंग नोंदवले. नराच्या एका शृंगिकेवर या गंधासाठी राखलेले सुमारे 17 हजार लांब केस असतात. पुढच्या संशोधनात दिसले की एका पेशीला जागे करायला बॉम्बिकॉलचा एक रेणू पुरतो. नर लगेच हलत नाही. अशी शेकडो स्पंदने एकाच सुमारास मेंदूत पोचली की मग तो निघतो.

महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांना हे ज्ञान दुसऱ्या वाटेने परिचित आहे. गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी विदर्भात आणि मराठवाड्यात शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यातल्या गोळीला, म्हणजे ल्यूरला, मादी पतंगाच्या गंधाचे कृत्रिम रूप लावलेले असते. नर तिच्यामागे येऊन पिशवीत अडकतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले, तर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरतात. पतंग मोजण्याचे काम शेतकऱ्याचे; कीड ओळखण्याचे काम पतंगाची शृंगिका करते.

वासाची इतकी चर्चा झाल्यामुळे शृंगिका म्हणजे कीटकाचे नाक अशी समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी. वृंतखंडाच्या आत एक वेगळेच इंद्रिय दडलेले आहे. बाल्टिमोरचे वैद्य ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी 1855 मध्ये डासात त्याचे वर्णन केले आणि हे ऐकण्याचे इंद्रिय असावे असे सुचवले. आज ते जॉन्स्टनचे इंद्रिय म्हणून ओळखले जाते. कशाभिका हलली, थरथरली किंवा वाकली की तिचे बूड वृंतखंडात किंचित सरकते, आणि गोलाकार मांडलेल्या संवेदी पेशी ताणल्या जातात. नर डासाच्या चिमुकल्या वृंतखंडात अशा सुमारे 15 हजार पेशी असतात. झुबकेदार केस हवेची थरथर पकडतात आणि अख्खी शृंगिका मादीच्या पंखांच्या सुरावर कंप पावते. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासांत तर नराचे हे केस दिवसभर मिटलेले असतात आणि तिन्हीसांजेला, थवा जमायच्या वेळी, ताठ होतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीच्या पंखांचा सूर सेकंदाला सुमारे 400 कंपनांचा असतो, नराचा 600 चा. जवळ आल्यावर दोघेही आपापले सूर सरकवतात आणि दोघांचे वरचे स्वर 1,200 कंपनांवर जुळतात. मादीच्या तिसऱ्या आणि नराच्या दुसऱ्या पटीचे हे जुळणे 2009 मध्ये नोंदवले गेले. माणसाला कानाशी फक्त कटकटीची गुणगुण ऐकू येते; डासांसाठी तो जोड लावण्याचा प्रकार असतो.

हेच इंद्रिय उडण्यातही उपयोगी पडते. मॅन्ड्युका या अमेरिकी हॉक पतंगावर संजय साने आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कशाभिका कापल्यावर पतंगांचा उडताना तोल जाऊ लागला. ते भिंतींवर आदळू लागले, मागे जाऊ लागले. कापलेला तुकडा परत चिकटवला तेव्हा उड्डाण बऱ्याच अंशी सावरले. मज्जातंतू तुटलेले असल्याने त्या तुकड्याला वास येणे शक्य नव्हते. त्याचे नुसते वजन बुडाशी जाणवणे पुरेसे होते. शरीर वळले की वजनदार शृंगिका किंचित मागे रेंगाळते, आणि ते रेंगाळणे जॉन्स्टनचे इंद्रिय मोजते. साने पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात कीटकांच्या उड्डाणावर काम करत राहिले.

मधमाशीच्या पोळ्यात अंधार असतो. फुलांचा पत्ता सांगायला नाचणाऱ्या माशीमागून जाणाऱ्या माश्या तिच्या पंखांनी हलवलेली हवा शृंगिकांनी वाचतात आणि त्याच शृंगिकांनी तिच्या अंगाला चिकटलेला फुलाचा वासही घेतात. मुंग्या वाटेत भेटल्या की एकमेकींना शृंगिका लावतात, ते कुशल विचारण्यासाठी नव्हे. अंगावरच्या मेणासारख्या थराची चव घेऊन समोरची आपल्या वारुळातली आहे की परकी, हे त्या ठरवतात. अमेरिकेतून मेक्सिकोकडे स्थलांतर करणारे मोनार्क फुलपाखरू सूर्यावरून दिशा ठरवते. सूर्य दिवसभर सरकत असल्याने त्यासाठी घड्याळ लागते, आणि हे घड्याळ शृंगिकांत असते. 2009 मधल्या एका प्रयोगात शृंगिकांना काळा रंग फासल्यावर उजेड आत पोचेना आणि फुलपाखरांची दिशा चुकली. काही कामे तर संवेदनेच्या पलीकडची आहेत. काही पाणभुंगेरे पृष्ठभागावर येऊन शृंगिकेने पाण्याचा पापुद्रा फोडतात आणि त्या वाटेने पोटाखाली हवा भरून घेतात. पिसवांचे नर समागमात मादीला शृंगिकांनीच धरून ठेवतात.

इतके नाजूक साधन स्वच्छ ठेवावे लागते. मधमाशीच्या पुढच्या पायात अर्धगोल खाच असते आणि तिला कंगव्यासारखे दाते असतात. शृंगिका त्यात अडकवून ओढली की पुसून निघते. झुरळ आपली शृंगिका तोंडातून सरकवत साफ करते. स्वयंपाकघरातल्या झुरळाला मिशी चाटताना पाहून किळस येते खरी, पण ते न केल्यास अंगातून पाझरणारे मेण गंधाची छिद्रे बुजवते.

शृंगिकेची वाढ कीटकाच्या जीवनक्रमावर अवलंबून असते. झुरळ, नाकतोडा, वाळवी यांच्या पिल्लांना अंड्यातून निघतानाच शृंगिका असतात, फक्त आखूड. अमेरिकन झुरळाच्या नवजात पिल्लात पन्नासच्या आसपास कडी असतात. प्रत्येक वेळी कात टाकताना नवी भर पडते. ही भर टोकाला पडत नाही. वृंतखंडाला लागून असलेले कशाभिकेचे पहिले कडे विभागत राहते आणि नवी कडी जुन्यांना पुढे ढकलतात. म्हणून टोक हा शृंगिकेचा सर्वांत जुना भाग. आधी उल्लेखलेल्या स्प्रिंगटेल व डायप्लुरा यांत वाढ उलट, टोकाच्या खंडाच्या विभाजनाने होते. पिल्लाची शृंगिका तुटली तर ती पुढच्या काती टाकताना परत येते. प्रौढ झाल्यावर हे कीटक कात टाकत नाहीत, त्यामुळे त्यांचे नुकसान कायमचे.

फुलपाखरू, भुंगा, माशी यांचा मार्ग वेगळा. सुरवंटाच्या जबड्याशेजारी तीन खंडांच्या इवल्या शृंगिका असतात, त्या सहसा नजरेतून सुटतात. प्रौढाची शृंगिका कोषात घडते. रेशीमपतंगाच्या जातकुळीत ती आधी पानासारखी चपटी पिशवी असते. मग तिच्या कडांपासून मध्याकडे चिरा पडत जातात आणि कंगव्याचे दाते सुटे होतात. शिल्पकार दगडातून जादा भाग काढतो, तसेच काहीसे.

सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो ड्रोसोफिलाचा. ही आंब्या-पेरूला डंख करणारी फळमाशी नव्हे, पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारे लाल डोळ्यांचे चिलट. त्याच्या अळीच्या शरीरात पेशींच्या चपट्या चकत्या बाजूला राखून ठेवलेल्या असतात. एका चकतीतून पंख, दुसरीतून पाय आणि एकाच सामाईक चकतीतून डोळा व शृंगिका. चकतीवर वर्तुळात वर्तुळे आखलेली असतात. मध्यबिंदूचे पुढे टोक होते, बाहेरचे वर्तुळ बूड बनते. कोषात ती घडीच्या पेल्यासारखी उलगडून बाहेर येते. मग एकेक संवेदी केस एकेका जनक पेशीपासून तयार होतो: तिच्या विभाजनांतून केस घडवणारी, खोबण घडवणारी, वेष्टन घालणारी आणि चेतापेशी अशा वेगवेगळ्या पेशी निघतात. चेतापेशींचे तंतू मेंदूकडे वाढत जातात आणि एकाच गंधग्राहीच्या सगळ्या पेशींचे तंतू मेंदूतल्या एकाच गोळीवजा गाठीत जाऊन मिळतात. ड्रोसोफिलात अशा पन्नासच्या आसपास गाठी आहेत, मधमाशीत 160 हून अधिक.

आता त्या चकतीची शृंगिकाच का होते, पाय का होत नाही? प्रश्न विचित्र वाटेल, पण कधीकधी पाय होतोही. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी 1894 मधल्या आपल्या ग्रंथात एका करवतमाशीचे उदाहरण दिले होते. तिच्या डाव्या शृंगिकेच्या टोकाला पाऊल होते. एका अवयवाच्या जागी दुसरा येण्याच्या प्रकाराला त्यांनी होमिओसिस हे नाव दिले. ड्रोसोफिलात असे उत्परिवर्तन सापडले, त्यात शृंगिकांच्या जागी चक्क दोन पाय डोक्यातून पुढे येतात. त्या जनुकाचे नाव अँटेनापेडिया. गंमत अशी की निरोगी माशीत हे जनुक डोक्यात काम करतच नाही. ते छातीत काम करते. उत्परिवर्तनामुळे ते डोक्यात चुकून जागे होते. बासेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत 1987 मध्ये अळ्यांना उष्णता देऊन हे जनुक मुद्दाम जागे केले गेले आणि शृंगिकांच्या जागी पाय आले. त्याआधी 1981 मध्ये उलटी बाजू दिसली होती: मधल्या पायाच्या पेशींतून हे जनुक काढले तर तिथे शृंगिकेचे भाग उगवतात. शृंगिका घडवायला डिस्टल-लेस आणि होमोथोरॅक्स या दोन जनुकांनी एकत्र काम करावे लागते. अँटेनापेडिया पायात होमोथोरॅक्सला आवर घालते, आणि म्हणून पाय पायच राहतो.

जनुकांची नावे ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी हीच गोष्ट काडीकिड्याने दाखवली होती. दक्षिण भारतातला, आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा, काराउसियस मोरोसस हा काडीकिडा घेतला आणि त्याच्या पिल्लाची कशाभिका कापली तर नवी कशाभिका येते. पण मूलखंडापाशी किंवा वृंतखंडापाशी कापले तर पुष्कळदा तिथे शृंगिकेऐवजी पाऊल आणि नख्यांसह पाय उगवतो.

याच्या नेमके उलट टोक ओल्या मातीत आणि कुजलेल्या पाल्यात सापडते. दोन मिलिमीटरही न भरणारे, डोळे नसलेले प्रोट्युरा हे कीटकांचे दूरचे नातलग 1907 मध्ये इटलीत फिलिप्पो सिल्व्हेस्त्री यांनी प्रथम वर्णिले. त्यांना शृंगिका नाहीत. सहा पायांपैकी ते चारच पायांवर चालतात. पुढचे दोन पाय उचलून डोक्यासमोर धरलेले असतात आणि त्यांवर संवेदी केसांची दाटी असते.